आमरस डब्यातला घ्यावा की बाटलीतला?

हापूसचा मोसम आटोपला आणि गौरी-गणपतीला आमरस-पुरी करायची म्हटलं, की पत्र्याचा डबा नाहीतर काचेची बाटली. आमच्या घरी बरीच वर्षं डबा यायचा, आता बाटली येते.

डबा चवीला कुठेही कमी नाही, हे आधीच सांगतो. आतून चंदेरी दिसणारा डबा म्हणजे लोखंडी पत्र्यावर कथिलाचा मुलामा. आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हई व्हायची, तेच कथील. फळातलं आम्ल ते हळूहळू विरघळवतं. कथील स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं आणि आत उरलेला थोडाफार प्राणवायूही त्यातच खर्ची पडतो, म्हणून रसाचा रंग छान टिकतो. रिकाम्या डब्यात राखाडी, पिसांसारखे डाग दिसतात ते यामुळेच. तेवढ्यावरून रस फेकू नका. डबा फुगला असेल किंवा शिवणीवर चेपला असेल, तर मात्र चव बघायच्याही भानगडीत पडू नये.

माझं बिनसलं ते डबा उघडल्यानंतर. साडेआठशे ग्रॅमचा डबा, खाणारी माणसं तीन. एका वर्षी गौरीच्या जेवणानंतर रस उरला आणि गडबडीत डबाच ताटली झाकून फ्रिजमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी पाहतो तर रस जिथवर होता, नेमकं तिथे काळपट कडं. चमचाभर तोंडात घातला, तर थेट कळकलेल्या ताकाची आठवण झाली. हवा लागली की कथील झपाट्याने रसात उतरतं. किलोमागे २५० मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. प्रमाण फार वाढलं तर मळमळ, पोटदुखी होते. आमच्या रसात किती उतरलं होतं ते मोजलं नाही, पण जिभेला कळलं. उरलेला रस लगेच स्टीलच्या डब्यात काढला की प्रश्न मिटतो, मान्य. पण सणाच्या धांदलीत ते दरवेळी कोण लक्षात ठेवणार?

आतून सोनेरी लेप असलेल्या डब्यात हा त्रास मला जाणवला नाही. पण अशा लेपांत बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरलं जात आलंय. युरोपीय संघाने अन्नाच्या वेष्टनांत त्यावर बंदी घालायचं डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं. आपल्या हातातल्या डब्याचा लेप कशाचा, हे मला तरी डब्यावर लिहिलेलं आढळलेलं नाही.

बाटलीचेही नखरे आहेत. गळ्याशी रस तपकिरी पडतो, उजेडात रंग उतरतो, कुरियरने आलेली एक तर फुटलेलीच मिळाली. काहींत गंधकाचं परिरक्षक असतं, तेव्हा घरात कुणाला दमा असेल तर लेबल वाचूनच घ्या. पण अर्धी बाटली वापरून झाकण लावलं, की दुसऱ्या दिवशीही चव तीच. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

यंदा अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या मागवल्यात. गौरीच्या पंगतीपुरता एक डबाही आणलाय. तो उघडताना पातेलं शेजारीच ठेवणार आहे.