कॅमेरा सिनेमाचा की टीव्हीचा? पुण्यातून ठरवताना

लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआयच्या (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या) आवारात दोन्ही वाटा शेजारीशेजारी आहेत. चित्रपट विभागात छायाचित्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, तर टीव्ही विभागात इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफीचा एक वर्षाचा. हातात सारखाच कॅमेरा दिसला, तरी पुढचं आयुष्य फार वेगळं असतं.

टीव्हीच्या मल्टिकॅमेरा कामात, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेरे चालतात तिथे, ऑपरेटर खरोखरच ऑपरेटर असतो. एका हातात झूम, दुसऱ्यात फोकस, आणि कानात दिग्दर्शकाचा आवाज. कॅमेऱ्यावरचा टॅली लाइट, म्हणजे तुमचा शॉट चालू असल्याचा दिवा, लागला की तुमचाच शॉट घराघरांत दिसतोय. विझला की लगेच पुढची फ्रेम शोधायची. रीटेक नाही. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात मचाणावर उभं राहून ढोलपथकांच्या गर्दीतून मानाचा गणपती फ्रेममध्ये धरून ठेवणं हे याच जातीचं काम. मैफलीत तर कान हवा. तबलजीची तिहाई (तीनदा वाजून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारा बोल) सुरू झालेली ज्याला कळते, त्याचा कॅमेरा समेला तबलजीच्या हातांवर असतो. इतर जण सम गेल्यावर पोचतात. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मंडपात लहानपण गेलेल्यांना इथे आयतीच आघाडी मिळते. पण प्रकाश तुमच्या ताब्यात नसतो. एक्स्पोजर आणि रंगसुद्धा सीसीयूवर (कॅमेरा कंट्रोल युनिटवर) बसलेला माणूस जुळवतो.

सिनेमात नेमकं उलटं. एकेका शॉटच्या लायटिंगला तासभर जातो आणि फोकसही तुमच्याकडे नसतो, तो फोकस पुलर सांभाळतो. मोठा सेन्सर, लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, त्यामुळे फोकसमध्ये राहणारी जागा अगदी थोडी. नट अर्धं पाऊल पुढे सरकला तरी डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर, होतात.

खरी गोम पुढेच आहे. मराठी चित्रपटाच्या बजेटमध्ये स्वतंत्र ऑपरेटर बहुतेकदा बसतच नाही. डीओपी (मुख्य छायाचित्रकार) स्वतःच कॅमेरा चालवतो. म्हणजे सिनेमात ऑपरेटर व्हायचं तर प्रत्यक्षात डीओपीच व्हावं लागतं, आणि तिथवरची वाट असिस्टंटगिरीची. क्लॅप द्या, लेन्स बदला, बॅटऱ्या चार्ज करा. व्ह्यूफाइंडरला डोळा लागायला काही वर्षं जातात.

मालिकांचं काम या दोन्हींच्या मध्ये पडतं. दोन-तीन कॅमेरे, उभा सेट, रोजचा एपिसोड संपवायची घाई. हात पटकन बसतो, पण नजर तयार होईलच असं नाही.

आता राहण्याचं. मालिका आणि सिनेमाचं बरंचसं काम गोरेगाव, मीरा रोड, ठाण्याकडे. सकाळी सातची शिफ्ट असेल तर सव्वासातला पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन काय कामाची? तिकडे खोली घ्यावीच लागते. पुण्यात राहून चालतं ते लाइव्ह कार्यक्रम, नाटकांची रेकॉर्डिंग, कंपन्यांच्या फिल्म्स आणि लग्नं. लग्नाच्या कामाला नाक मुरडणारे खूप भेटतील. पण अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा मिळत नाही, आणि ही तालीम लाइव्हसाठी उत्तम.

घरून पैशांची फारशी मदत होणार नसेल, तर माझं मत सरळ मल्टिकॅमेऱ्याच्या बाजूने. पण खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर कसं सरकतं हेच बघत बसायची सवय असेल, तर टीव्हीत घुसमट होईल, मग सिनेमाच. फक्त मुंबईत उतरताना काही महिन्यांचं भाडं गाठीशी ठेवा. मालिकांमध्ये केलेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि घरमालक तेवढं थांबत नाही.