सिस-एफएस की लिब-जीपीआयओडी: लिनक्स बोर्डावरची पिन हलवायची कशी?

लिनक्स चालणाऱ्या बोर्डावरून एखादा रिले ओढायचा आहे, एखादा फ्लोट स्विच वाचायचा आहे, एवढंच काम असेल तर आज समोर दोन रस्ते येतात. एक जुना, सिस-एफएसचा, म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नल) हार्डवेअर ज्या फाइलींतून दाखवतो त्यांचा: एक्सपोर्ट फाइलमध्ये पिनचा नंबर लिहा, डायरेक्शनमध्ये ‘आउट’, व्हॅल्यूमध्ये १, झालं. दुसरा कॅरेक्टर डिव्हाइसचा (पिनांच्या चिपसाठी कर्नल देतो ती डिव्हाइस फाइल), म्हणजे व्यवहारात लिब-जीपीआयओडी ही लायब्ररी आणि तिच्यासोबत येणाऱ्या कमांडचा. मेमरी मॅप करून थेट रजिस्टरवर लिहिण्याचा तिसरा मार्गही आहे, पण रास्पबेरी पाय ५ मध्ये हेडरच्या पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या आणि या वाटेने जाणारे बरेच जुने प्रोग्रॅम तिथे चालेनासे झाले. त्यामुळे तो मी इथे धरत नाही.

कागदावर पाहिलं तर हा वाद कधीच मिटलाय. कर्नल ४.८ मध्ये, २०१६ साली, कॅरेक्टर डिव्हाइस आलं आणि सिस-एफएसच्या जीपीआयओ (अशा सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिनांच्या) सोयीवर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसला. कर्नल ५.१० मध्ये नव्या इंटरफेसची दुसरी, सुधारलेली आवृत्ती आली. पण शिक्का बसूनही जुना रस्ता अजून कित्येक बोर्डांवर सुरू आहे, आणि कर्नलवाले नको म्हणतात एवढ्यासाठी चालती स्क्रिप्ट कुणी मोडत नाही. मोडूही नये, असं माझं मत. मोडायचीच असेल तर त्याचं कारण आपल्या कामातून आलेलं असावं.

सिस-एफएस वापरायला सुखाचं आहे, हे आधी कबूल करून टाकतो. लायब्ररी लागत नाही, कंपायलर लागत नाही, बिझीबॉक्सचा शेल असला तरी भागतं. दुसरं म्हणजे, स्क्रिप्ट संपली तरी पिन जशी ठेवली तशी राहते. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सेवा) सकाळी १ लिहा, संध्याकाळी ० लिहा, मध्ये काही चालू ठेवायची गरज नाही. पंप आणि दिवे चालवणाऱ्यांना हीच गोष्ट सगळ्यात प्यारी असते.

खोड्या आहेत, पण त्यांची सवय होते. एक्सपोर्ट केल्या केल्या डायरेक्शनमध्ये लिहायला गेलात तर रूट नसलेल्या वापरकर्त्याला कधी कधी परवानगी नाकारली जाते, कारण यूडेव्हने (डिव्हाइस फाइलींच्या परवानग्या लावणारी सेवा) फाइलचा ग्रुप अजून बदललेला नसतो. म्हणून जुन्या स्क्रिप्टमध्ये जागोजागी छोटासा स्लीप दिसतो. दुसरी खोडी बाजारात मिळणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह-लो रिले बोर्डांची, जे पिन शून्यावर गेली की ओढले जातात. ‘आउट’ लिहिताच पिन शून्यावर जाते आणि रिले क्षणभर टक् करून ओढला जातो. त्यावर उपाय सोपा आहे: ‘आउट’ऐवजी थेट ‘हाय’ लिहायचं, म्हणजे दिशा आणि किंमत एकदमच ठरते. ही सोय बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

ज्याची सवय मला झाली नाही, ती गोष्ट म्हणजे नंबर.

सिस-एफएसमध्ये पिनची ओळख एकच: साऱ्या सिस्टिमभर चालणारा एक सलग आकडा. आय.एमएक्स६ चिपवर तिसऱ्या बँकेची २१ क्रमांकाची लाइन (पिनला इथे लाइन म्हणतात) म्हणजे ८५, बीगलबोन बोर्डावर पी९ हेडरची १२ वी पिन म्हणजे ६०, हे हिशेब आपण पाठ करतो आणि ते कायमचे आहेत असं धरून चालतो. पण हा आकडा हार्डवेअरने दिलेला नाही. कर्नल तो बूटच्या वेळी वाटतो. ज्या चिपला ड्रायव्हरने ठरावीक बेस, म्हणजे पहिल्या पिनचा नंबर, दिलेला नसतो, तिचं दवाखान्यातल्या टोकनसारखं आहे: जो आधी पोचला त्याला आधीचा नंबर. पूर्वी हे टोकन ५१२ पासून खाली वाटलं जाई. आठ लाइनींचा एक्सपांडर (जास्तीच्या पिना देणारी चिप) असेल तर ५०४ ते ५११. कर्नल ६.२ पासून वाटप ५१२ वरून वर जाऊ लागलं. रास्पबेरी पायच्या हेडरचा बेस आधी शून्य होता, तो ६.६ मध्ये ५१२ झाला, आणि १७ नंबरच्या पिनला सिस-एफएसमध्ये ५२९ म्हणावं लागलं.

खरं तर १७ चं ५२९ होणं हा बरा प्रकार. १७ लिहिलं की कर्नल ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून तोंडावर सांगतो, तुम्ही शोधता, दुरुस्त करता. माझ्याकडे घडलं ते गुपचूप. पाण्याच्या टाकीच्या एका नियंत्रकात बोर्डावरच्या पिना पुरेनात म्हणून आय-टू-सी बसवर सोळा-सोळा लाइनींचे दोन एमसीपी२३०१७ एक्सपांडर होते. एकावर पंपाचे रिले, दुसऱ्यावर व्हॉल्व्हचे. बोर्डाची नवी इमेज चढवली, तिच्यात मॉड्यूल लोड होण्याचा क्रम बदलला होता, दुसरा एक्सपांडर आधी उठला आणि दोघांच्या नंबरांची अदलाबदल झाली. पंपासाठी लिहिलेला ४९९ आता व्हॉल्व्हच्या चौथ्या लाइनीवर बसला होता. नंबर अस्तित्वात होता, एक्सपोर्ट झाला, १ लिहिला गेला. कुठेही एरर नाही. लॉग वाचला तर पंप सुरू होता, आणि टाकीपाशी उभं राहिलं तर व्हॉल्व्ह वाजत होता.

यावर उपाय सिस-एफएसमध्येही आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. प्रत्येक चिपच्या फोल्डरमध्ये बेस आणि लेबल असतं. लेबल शोधा, बेस वाचा, त्यात आपला ऑफसेट (त्या चिपवरचा पिनचा क्रमांक) मिळवा. पण माझ्या दोन्ही एक्सपांडरचं लेबल सारखंच, कारण चिप एकाच जातीची. मग डिव्हाइसच्या लिंकमागे जाऊन बसवरचा पत्ता हेक्समध्ये २० की २१ ते बघा आणि त्यावरून ठरवा. असं केलं की चालतं. फक्त तीन ओळींची स्क्रिप्ट तीस ओळींची होते, आणि ज्या साधेपणासाठी सिस-एफएस धरलं होतं तो साधेपणाच उरत नाही.

लिब-जीपीआयओडीमध्ये पिन म्हणजे चिप आणि त्या चिपवरचा ऑफसेट. सलग आकडा नाहीच. पण इथे सावध राहा: चिपचा नंबरही काही पक्का नसतो. पाय ५ वर हेडरची चिप आधी ४ क्रमांकाची होती, पुढच्या एका कर्नलमध्ये ती ० झाली. म्हणून नुसती लायब्ररी बदलून नंबरांचं दुखणं जात नाही, जुनं दुखणं नव्या कागदात गुंडाळलं जातं. खरी सुटका नावांत आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय जोडलंय ते कर्नलला सांगणारं वर्णन) त्या चिपच्या लाइनींना नावं देता येतात. माझ्या एक्सपांडरसाठी एक छोटा ओव्हरले (त्या वर्णनात भर घालणारी फाइल) लिहिला आणि लाइनीला पंपाच्या रिलेचं नाव दिलं. आवृत्ती २ मध्ये जीपीआयओसेट या पिन बदलणाऱ्या कमांडला थेट ते नाव देता येतं, लाइन कुठल्या चिपवर आहे ते ती कमांड शोधते. एकाच नावाच्या दोन लाइनी असल्या तर अडून बसण्यासाठी ‘स्ट्रिक्ट’ हा पर्यायही आहे. तो मी नेहमी लावतो. नाव सापडलं नाही तर कमांड एरर देऊन थांबते, दुसऱ्याच रिलेला हात लावत नाही. तराजू माझ्यासाठी इथेच झुकला.

तरी नव्या रस्त्यावरचे खड्डे लपवत नाही. पहिला: लाइन ज्या प्रोसेसने मागितली तिच्याकडेच ती राहते. प्रोसेस मेली की लाइन सुटते, आणि सुटल्यावर ती कुठल्या स्थितीत राहील याची हमी कर्नल देत नाही. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये ती आहे तशी राहते, पण त्यावर मी पंप सोडणार नाही. आवृत्ती २ ची जीपीआयओसेट कमांड म्हणूनच लाइन धरून बसते, परत येत नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटतं की ती अडकली. सिस-एफएसमधून येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीवर असतो आणि तो मला पटतो. मी एक छोटी सेवा सिस्टिमडीखाली (सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) चालू ठेवतो, तीच सगळ्या लाइनी धरते. लिब-जीपीआयओडी २.२ पासून डी-बसवरून (प्रोग्रॅमांनी एकमेकांना निरोप देण्याची वाट) हेच काम करणारी जीपीआयओ-मॅनेजर सेवा सोबत मिळते, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला स्वतःची लिहायची गरज बहुधा पडणार नाही.

दुसरा खड्डा आवृत्त्यांचा. १ आणि २ एकमेकींशी जुळत नाहीत, एपीआयमध्येही नाहीत आणि कमांडच्या वापरातही नाहीत. डेबियन १२ मध्ये १.६ आहे, डेबियन १३ मध्ये २.२. नेटवर सापडलेलं उदाहरण चालत नसेल तर आधी आवृत्ती बघा.

इनपुटच्या बाजूला मात्र मला तुलनाच वाटत नाही. सिस-एफएसमध्ये पोल कॉल लावून बदलाची वाट बघायची, जाग आल्यावर व्हॅल्यू पुन्हा वाचायची; मधल्या काळात पिन दोनदा हलली असेल तर ते कळतही नाही. कॅरेक्टर डिव्हाइस प्रत्येक बदल रांगेत ठेवतं, वर गेली की खाली आली ते सांगतं आणि सोबत नॅनोसेकंदातली वेळ देतं. कर्नल ५.५ पासून पुल-अप (मोकळी पिन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) मागता येतो, ५.१० पासून डिबाउन्सही (स्विचची थरथर गाळणं). पाण्याच्या मीटरचे पल्स मोजताना दोन्हींतला फरक मला आकड्यांत दिसला. स्कोप लावून मोजमाप केलेलं नाही, पण मीटरच्या तबकडीशी हिशेब जुळू लागला एवढं खरं.

मग सिस-एफएसवर कुणी राहावं? बोर्ड बनवणाऱ्याने ३.x किंवा ४.४ कर्नलवर गोठवलेली इमेज दिली असेल तर प्रश्नच मिटला, तिथे दुसरा रस्ता नाही. बोर्डावरच्याच दोन-चार पिना आहेत, एक्सपांडर नाही, कर्नल बदलायचा विचार नाही, तर चालू दे. आणि नुसता एलईडी किंवा बटण असेल तर कदाचित दोन्ही नकोत. कर्नलचे एलईडी आणि की-बटणांचे ड्रायव्हर डिव्हाइस ट्रीतून जोडा, ते काम यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममध्ये, आणायचं कारणच उरत नाही.

बाकी सगळ्यांना, विशेषतः ज्यांचा नियंत्रक दूर कुठेतरी शेतात किंवा गच्चीवर बसलाय आणि अपडेट फोनवरून जातात, त्यांना मी लिब-जीपीआयओडीकडे वळायला सांगेन. आज ठरवायचं नसेल तर निदान बोर्डावर लाइनींची यादी दाखवणारी जीपीआयओइन्फो कमांड चालवून बघा. तुम्ही वापरता त्या लाइनींपुढे ‘अननेम्ड’ दिसलं, तर कोड बदलण्याआधी तो ओव्हरले लिहायला घ्या. त्यात तासाभराहून जास्त जाऊ नये.