कोळसा महाग करायचा की सौरऊर्जा स्वस्त?

2014 मध्ये सरकारी खरेदीत एका एलईडी दिव्याला 310 रुपये पडत होते. 2016 पर्यंत तोच दिवा 38 रुपयांवर आला. त्यासाठी कुणावर कर लावला नव्हता. सरकारने एकगठ्ठा मागणी नोंदवली, निविदा काढल्या, आणि माल खपण्याची खात्री मिळाल्यावर कारखानदारांनी भाव पाडले. त्याच काळात दुसरा प्रयोगही चालू होता. कोळशावर 2010 मध्ये टनामागे 50 रुपये अधिभार लागला, तो 2016 मध्ये 400 वर गेला. दिवा घरोघरी पोचला. अधिभार मात्र किती जणांना आठवतो?

हवामान धोरणातले दोन मुख्य रस्ते हेच. धूर सोडणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, किंवा स्वच्छ तंत्रज्ञान स्वस्त होईपर्यंत त्याला आधार द्यायचा. आपल्या देशाने कशावर जोर द्यावा, याबद्दल तुम्हाला मत ठरवायचं असेल तर आधी दोन्हींचा हिशेब बघा.

किंमत लावण्याचं सर्वांत ठळक यश ब्रिटनचं. युरोपच्या कार्बन बाजारात, म्हणजे जिथे धूर सोडण्याचे परवाने विकले जातात तिथे, भाव फार पडला होता, म्हणून ब्रिटनने 2013 पासून वीजनिर्मितीवर स्वतःचा जादा आकार बसवला; पुढे तो कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 18 पौंड झाला. 2012 मध्ये तिथली सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती. 30 सप्टेंबर 2024 ला शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. पण हे इतक्या वेगाने झालं कारण गॅसवर चालणारी केंद्रं तिथे आधीच उभी होती. कोळसा महागला, तशी गॅसची वीज जास्त घेतली गेली.

आपल्याकडे ती सोय नाही. गॅस बराचसा आयात करावा लागतो आणि तो महाग पडतो. शिवाय वीज केंद्राचा कोळशाचा खर्च करारानुसार वितरण कंपनीकडे आणि तिथून ग्राहकाकडे जातो. एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा धरा. टनाला 400 रुपये म्हणजे युनिटमागे 28 पैसे. ते शेवटी बिलात आले आणि केंद्र पूर्वीसारखंच चालू राहिलं. वाईट याचं वाटतं की 2017-18 पर्यंत या अधिभारातून सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले आणि स्वच्छ ऊर्जेच्या कामांना त्यातले जेमतेम 16 हजार कोटी मिळाले. लोकांनी किंमत मोजली, पण तिचं फळ त्यांना दिसलं नाही.

पैसे परत कसे येतात, यावर अशा कराचं आयुष्य ठरतं. स्वीडनने 1991 मध्ये कार्बन कर आणला तेव्हाच प्राप्तिकर कमी केला. तो कर आजही आहे आणि जगातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी एक आहे. फ्रान्समध्ये 2018 मध्ये इंधनकराच्या वाढीविरुद्ध लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरले आणि सरकारला पुढची ठरलेली वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडा तर परताव्याची रक्कम थेट खात्यात भरत होता. तरी 1 एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरचा आकार त्यांनी काढून टाकला.

आता आधाराची बाजू. 2010 च्या अखेरीस आपल्या पहिल्या लिलावांत सौर विजेचा दर युनिटला दहा रुपयांच्या वर होता. मे 2017 मध्ये राजस्थानातल्या भादला इथे तो 2.44 रुपये निघाला. यामागे आपली लिलावाची पद्धत होती, चीनचे प्रचंड कारखाने होते आणि जर्मनीही होती. 2000 पासून जर्मनीने सौर विजेला वीस वर्षांच्या दराची हमी दिली आणि तिचा भार तिथल्या घरगुती ग्राहकाने बिलातून उचलला. आपल्या स्वस्त विजेत त्या माणसाचा वाटा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किंमत लावल्याचा परिणाम बहुतांशी त्या देशाच्या हद्दीतच राहतो. स्वस्त झालेलं तंत्रज्ञान जगभर जातं.

तरी आधार पुरेसा नाही. जानेवारी 2025 मध्ये देशाने 100 गिगावॉट सौर क्षमता गाठली, पण 2024-25 मध्येही 70 टक्क्यांहून जास्त वीज कोळशाचीच होती. नवं उभं राहिल्याने जुनं आपोआप बंद पडत नाही. वाटणीचाही प्रश्न आहे. छतावरच्या सौर यंत्रणेला केंद्राचं 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते ज्याच्या मालकीचं छत आहे त्याला. चाळीत भाड्याने राहणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. महाराष्ट्रातल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातला शेतकरी पंपाच्या खर्चाचे 10 टक्के भरतो आणि दिवसा पाणी देतो. रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत बांधावर जाणं थांबतं, हे मोठं काम आहे. पण उपसा फुकट झाला की विहिरीची पातळी कोण राखणार, याचं उत्तर योजनेसोबतच ठरायला हवं. आणि अनुदानही कायमचं नसतं: अमेरिकेने 2022 च्या कायद्याने दिलेल्या सवलतींपैकी बऱ्याच 2025 मध्ये छाटल्या.

माझं मत सांगतो. घर आणि शेतीसाठी आधी आधार. तिथे पर्याय हाताशी नसताना किंमत लावणं अन्याय आहे. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियमसाठी मात्र किंमत हवी. युरोपने 1 जानेवारी 2026 पासून अशा आयात मालावर कार्बन आकार सुरू केला आहे आणि मूळ देशात भरलेली कार्बन किंमत त्यातून वजा होते. आपण इथे घेतली नाही तर तीच रक्कम युरोपच्या तिजोरीत जाईल. 2023 मध्ये अधिसूचित झालेली आपली कार्बन क्रेडिट व्यापार योजना (उद्दिष्टापेक्षा कमी धूर सोडणाऱ्याला क्रेडिट मिळतं, ते तो विकू शकतो) त्या दिशेची आहे, पण तिची उद्दिष्टं टनभर उत्पादनामागच्या उत्सर्जनावर आहेत. उत्पादन वाढलं तर एकूण धूर वाढू शकतो.

मत ठरवताना सप्टेंबर 2025 चा बदलही विचारात घ्या. कोळशावरचा 400 रुपयांचा अधिभार गेला आणि जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. ऐकायला वाढ वाटते. पण 1,000 रुपये टनाच्या कोळशावर आधी 450 रुपये पडत होते, आता 180 पडतात. कोळसा जितका स्वस्त आणि हलक्या प्रतीचा, तितका त्याच्यावरचा कर कमी. किंमत लावायचीच असेल तर ती धुराच्या टनावर लावण्याची मागणी करा, कोळशाच्या भावावर नको.