शब्दामागे पैसे की महिन्याचं बांधलेलं काम?

मुंबईत लिहून पोट भरायचं तर सुरुवातीला शब्दामागे पैसे घेणं बरं वाटतं. दिवाळी अंक, जाहिरातींचे अनुवाद, डबिंगच्या संहिता. श्रावणात फोन थांबत नाही, पौषात वाजत नाही. शिवाय वसुली! अंधेरीच्या एका एजन्सीत माझं बिल पाच महिने 'अकाउंट्सला गेलंय'. उद्यम नोंदणी (छोटा व्यवसाय म्हणून सरकारकडे केलेली नोंद) असेल तर २००६च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार करारातही पैसे द्यायला ४५ दिवसांपुढची मुदत चालत नाही, हे मला उशिरा कळलं.

बांधलेल्या कामात भाव कमी, पण भांडुपच्या खोलीचं भाडं वेळेवर सुटतं. फक्त 'एवढं जरा बघून द्या ना' किती वेळा चालेल, ते आधीच लिहून घ्या. मी अशी दोन कामं धरते. उरलेल्या वेळात शब्दावरची.