बिघडलेलं काडतूस सोडवायचं: हातोडा की कोलेट?

सोलापूरची बरीच पोरं अमेरिकेत आहेत. तिकडे स्वतःच्या वापरापुरती रायफलची काडतुसं घरी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. त्यामुळे काहींना हा नाद लागतो आणि मग वाकड्या बसलेल्या गोळ्या, पुंगळीचे म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीचे दबलेले खांदे (गोळी धरणाऱ्या मानेखालचा उतार) पुढ्यात येतात. इथल्या परवानाधारकांनी मात्र हे वाचून पक्कड हातात घेऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. वडिलांच्या ट्रंकेतली जुनी काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडेच द्यावीत.

आता अशा काडतुसातून गोळी ओढून काढायची हत्यारं, म्हणजे पुलर. हातोडा पुलर स्वस्त. काडतूस त्याच्या पोकळ डोक्यात अडकवून कठीण जागेवर आपटायचं; डोकं थांबतं, गोळी मात्र वेगात पुढे सरकून सुटते. जड गोळी चार ठोक्यांत येते, हलकी घाम काढते. सगळी दारू गोळीबरोबर खाली सांडते, म्हणून दर वेळी आत कण राहिला का ते बघावं लागतं. रिमफायर काडतूस यात कधीच घालू नये, त्याचा ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो.

कोलेट पुलर काडतुसं भरायच्या प्रेसवर, म्हणजे दांड्याच्या यंत्रावर बसतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर हात बसलेल्याला कोलेट, म्हणजे आवळून पकडणारी कडी, समजावायला नको: गोळी वरून आवळायची, पुंगळी खाली ओढायची. दारू पुंगळीतच राहते, आवाज नाही, आदळआपट नाही. पण प्रत्येक कॅलिबरला (गोळीच्या व्यासाला) वेगळा कोलेट लागतो आणि गोळीचा पुरेसा भाग बाहेर नसेल तर पकड बसत नाही. पाच-दहा काडतुसांना हातोडा पुरतो. एकाच मापाचा अख्खा डबा बिघडला असेल, तर मी डोळे झाकून कोलेट घेईन. चष्मा दोन्हीकडे हवाच.

पुंगळी पारखताना घाई नको. अंगावरचा बारीक पोचा चालतो. बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं किंवा मान चिरली की ती बाद. ब्रिटिश काळात आपल्याच देशात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेला आपोआप चिरा पडत. जनावरांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण पुढे १९२१ च्या सुमारास उलगडलं. म्हणून गोठ्याला लागून असलेल्या खोलीतला माल मी भिंगाखाली धरतो. चीर असेल तर मानेवर उभी, केसासारखी रेघ दिसते.

गोळीवर ओरखडा असेल तर ती सरावाला वापरावी. दारू कोणत्या डब्यातली हे ठाऊक नसेल, तर ती परत भरू नये. तांबूस धूळ किंवा उग्र वास आला, तर ओळखीची दारूही फेकावी. जिवंत टोपी (बुडातली, दारू पेटवणारी) ठोकून काढायच्या फंदात पडू नये. तेलात बुडवली की ती मरते यावर भरवसा ठेवू नये, आणि तसली पुंगळी भंगारवाल्याच्या पोत्यात तर मुळीच जाऊ देऊ नये.