चिठ्ठी नेमकी, बिल मात्र जड: आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याविषयी

पुण्याच्या उपनगरातील ज्या दवाखान्यात आमच्या घरातील सर्वजण बऱ्याच वर्षांपासून जातात, तेथील डॉक्टरांच्या निदानाविषयी मत देण्याची माझी पात्रता नाही. मात्र त्यांच्या हातची चिठ्ठी आणि ती घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये गेल्यावर होणारे बिल यांविषयी रुग्णाच्या बाजूने निश्चितच लिहिता येईल.

साध्या सर्दी-तापाला हे डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत, ही या दवाखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. विषाणूजन्य तापावर अ‍ॅझिथ्रोमायसिनचा काहीही उपयोग नाही, हे ते न कंटाळता समजावून सांगतात, पॅरासिटामॉल लिहून देतात आणि ताप उतरला नाही तर पुन्हा दाखवायला बोलावतात. 'उद्या कामावर जायचे आहे, एखादे इंजेक्शन देऊन टाका' असा हट्ट धरणाऱ्यांपुढेही ते नमत नाहीत. अशा आजारपणात तपासणी फी सोडली तर खर्च जवळजवळ होतच नाही.

अडचण आहे ती कायमच्या औषधांची. माझ्या वडिलांना मधुमेह आणि रक्तदाबासाठी मेटफॉर्मिन व टेल्मिसार्टन चालू आहे. ही दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार त्यांना कमाल किमतीची मर्यादा आहे. परंतु ही मर्यादा बाजारात किमान 1 टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून आणि तीत किरकोळ विक्रेत्याचा 16 टक्के नफा मिळवून ठरत असल्याने मर्यादेत राहूनही ब्रँडची गोळी जेनेरिकपेक्षा, म्हणजे घटकाच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या त्याच औषधापेक्षा, बरीच महाग पडू शकते, आणि चिठ्ठीवर नाव असते ते ब्रँडचेच. शिवाय दर वेळी खाली आणखी दोन ओळी असतात: अ‍ॅसिडिटीची गोळी आणि मल्टिव्हिटॅमिनची कॅप्सूल. वडिलांना अ‍ॅसिडिटीचा त्रास नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-12 कमी होऊ शकते हे खरे. पण मग रक्त तपासून तेवढेच जीवनसत्त्व द्यावे, वीस घटकांची चकचकीत स्ट्रिप कशासाठी? आमच्या महिन्याच्या बिलात सर्वांत मोठा आकडा नेमका तिचाच असतो.

औषधांची घटकनामे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा वैद्यकीय परिषदेचा नियम 2016 पासून आहे. ती सक्तीची करणारी ऑगस्ट 2023 ची नवी नियमावली मात्र त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे व्यवहारात सारे डॉक्टरांच्या मर्जीवर राहिले आहे. आमच्या डॉक्टरांकडे मी घटकनामांची विनंती केली, तेव्हा त्यांनी खळखळ न करता चिठ्ठी नव्याने लिहून दिली आणि अ‍ॅसिडिटी व मल्टिव्हिटॅमिनच्या त्या दोन ओळीही गाळल्या. ती घेऊन जेनेरिक औषधे स्वस्तात देणाऱ्या सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रात गेल्यावर त्याच घटकांच्या, त्याच मात्रेच्या गोळ्या मिळाल्या आणि बिल निम्म्याहूनही खाली आले. तेथे कधी कधी साठा संपलेला असतो, म्हणून स्ट्रिप संपण्याच्या आठवडाभर आधी जावे.

दवाखाना स्वच्छ आहे, फी रास्त आहे. संध्याकाळी रुग्ण ताटकळत असताना औषध कंपन्यांचे प्रतिनिधी मध्येच आत सोडले जातात, हे मात्र खटकते. शिवाय जी चिठ्ठी मला मागितल्यावर मिळाली, ती न मागणाऱ्या पेन्शनरांनाही मिळेपर्यंत मी या दवाखान्याला पाचपैकी साडेतीनच गुण देईन.