वळिवड्याच्या नावाने विकलेला गठ्ठा

माझे आजोबा मराठा पलटणीत होते, १९४४ साली इटलीत. त्यांचा त्या काळातला एकही फोटो आमच्या घरात नाही. त्यामुळे गेली बारा वर्षं मी महायुद्धाच्या काळातले 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' आणि 'वॉर इलस्ट्रेटेड' या इंग्रजी सचित्र नियतकालिकांचे अंक जमवतोय, खास करून इटलीचे. मराठा पलटणीतल्याच यशवंत घाडगे (हुद्दा नाईक) यांनी १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या खोऱ्यात देह ठेवला आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या उन्हाळ्याचे अंक मला हवे होते.

लक्ष्मीपुरीत रद्दीच्या दुकानात भेटलेल्या एका माणसाला मी हे सगळं सांगितलं. नेमकं कुठलं साल, कुठले महिने, तेसुद्धा. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "काका, तुमचं नशीब बघा की! वळिवड्याच्या पोलिश छावणीतला गठ्ठा घावलाय."

वळिवड्याचं नाव काढलं की कोल्हापूरच्या माणसाला पटतंच. १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित इथे राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्याकडे इंग्रजी अंकांचा असा नीट लावलेला गठ्ठा कुठून येणार, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

चोवीस अंक, अठरा हजार रुपये. वरचे पाच अंक त्याने हातात दिले. ते अस्सल होते, मी पानन् पान बघितलं. खालचे एकोणीस प्लास्टिकमध्ये घालून सुतळीने बांधलेले. "आत्ता उघडू नका, कडा तुटतात. घरी निवांत बघा." पैसे मोबाईलवरून पाठवले, तेही त्याने दिलेल्या दुसऱ्याच नावाच्या खात्यावर. पावती घेतली नाही.

घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भिंग मागितलं. वय चौऱ्याऐंशी. इटलीतल्या जवानांच्या एका फोटोत ते आपल्या वडिलांचा चेहरा शोधत होते. बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे लाल-निळं काय दिसतंय?"

मी बघितलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल, निळे, पिवळे ठिपके. त्या काळचा असा फोटो एकाच शाईत छापलेला असतो. रंगीत ठिपके दिसले की ते आजच्या प्रिंटरचं काम. मग एकेक गोष्ट नजरेत भरायला लागली. जुना कागद कडेकडून तपकिरी होत आत जातो, हा मधोमधही तेवढाच तपकिरी. चहाच्या पाण्यात बुडवलेला. पिना गंजक्या होत्या, पण पिनेखालच्या कागदावर गंजाचा डागच नाही. ऐंशी वर्षं पिनेला चिकटून राहिलेला कागद इतका कोरा राहत नाही.

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी गुजरीत ओळखीच्या सराफाकडे गेलो. नोटा तपासायचा जांभळा दिवा त्याने आतल्या पानावर धरला आणि पान निळसर पांढरं उजळलं. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घालतात ती रसायनं १९५०च्या सुमाराला आली, युद्धातल्या कागदात ती असणं शक्यच नाही. शेजारी वरच्या पाचांतला एक अंक ठेवला. तो दिव्याखाली मंद आणि मळकटच राहिला. एकोणीसच्या एकोणीस अंक उजळले.

त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. पैशांपेक्षा मला लागलंय ते आबांचं त्या पानावर वाकून बसणं.

तुम्ही असे अंक घेत असाल तर भिंग आणि जांभळी बॅटरी जवळ ठेवा, आणि बांधलेला गठ्ठा सोडल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि काय हवंय ते आधी सांगू नका. त्याच्याकडे काय आहे ते त्यालाच सांगू दे.

गेल्या महिन्यात इचलकरंजीचा एक मित्र भेटला. त्यालाही वळिवड्याचाच गठ्ठा मिळाला होता. त्याने बर्माच्या आघाडीचे अंक मागितले होते. तीन आठवड्यांत बर्मा आलं.